बनुबाईची सुई आणि तांबे सरांची नळी

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास कापडे गावाच्या पुढच्या खडपवाडीत माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. भात कापून, झोडून झालं होतं आणि रिकाम्या खाचरांत मोटारसायकली उभ्या होत्या. पोलादपूरहून तीन टेम्पो भरून माणसं आली होती, महाडहून रिक्षा आल्या होत्या, मुंबईहून सुट्टीवर आलेले चाकरमानी बायकामुलांसह हजर होते. मांडवाच्या तोंडाशी प्रत्येकाच्या हातात एक गुळगुळीत पत्रक पडत होतं. त्यावर अंजननाथ महाराजांचा फोटो होता, बाजूला डोळस झालेल्या चौघांचे लहान फोटो होते आणि खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘सरकारने आंधळे ठरवले, महाराजांनी डोळस केले.’

आंधळ्यांना डोळे देणाऱ्या या महाराजांच्या स्वतःच्या डोळ्यांवर काळा गॉगल होता. त्यांच्या नजरेचं तेज भक्तांना सोसत नाही म्हणून, असं निवेदकाने दोनदा सांगितलं. ते कुणालाच विचित्र वाटलं नाही.

वाटलं ते फक्त पहिल्या रांगेत मधोमध बसलेल्या राजेंद्र तांबे सरांना. सर मूळचे खडपवाडीचे, राहायला महाडला. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर त्यांनी बाबा-बुवांचा समाचार घ्यायचं व्रत घेतलं. व्रत हा शब्द त्यांना चालत नसे, पण घेतलं होतं ते व्रतच. त्यांच्या कापडी पिशवीत पाणी शिंपडलं की पेटणारा नारळ, रक्त गाळणारं लिंबू आणि जिभेवर जाळायचा कापूर असा सरंजाम कायम तयार असे. आजवर सात बाबा पळवले, असं ते सांगत. खरं बोलायचं तर त्यांतले दोन पावसाळा लागला म्हणून गेले होते आणि एकाला घरमालकाने मुलीच्या लग्नासाठी खोली रिकामी करायला लावली होती. तरी सरांच्या हिशेबी ते सातच. आज आठवा करायचा या इराद्याने ते खुर्चीच्या कडेवर बसले होते.

“देखो माऊली,” महाराज माइकवर म्हणाले. महाराजांची वीस वर्षं मुंबईत गेली होती आणि ती त्यांच्या जिभेवर दिसत होती. “मी डॉक्टर नाय. मी फक्त पोस्टमन हाय. ऊपरवाल्याचा प्रकाश आणायचा आणि घरपोच द्यायचा, एवढीच माझी ड्युटी. आता तुम्ही म्हणाल, आंधळा आणला तो खरा कशावरून? विचारा, जरूर विचारा. हा बघा कागद. माझा नाय, सरकारचा हाय. गोल शिक्का, तीन डॉक्टरांच्या सह्या. अंधत्व, ऐंशी टक्के. सरकार उगाच कुणाला आंधळं म्हणल काय? मशीन लावतात, तपासतात, तवा कुठं शिक्का मारतात.”

कागद माणसांमधून फिरला. लोकांनी शिक्क्याला बोट लावून पाहिलं. देवाचा प्रसाद नाकारणारे लोक भेटतात, पण सरकारी शिक्क्यावर शंका घेणारा माणूस त्या माळावर नव्हता.

मग व्यासपीठावर एका बाईला हाताला धरून आणण्यात आलं, आणि सरांच्या हातातली पिशवी घसरली. ती बनुबाई होती. त्यांच्या सख्ख्या चुलतभावाची, सदूची बायको. सदू जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा सुरतेला कामाला होता आणि बनुबाई खडपवाडीत एकटीच राहत होती.

महाराजांनी तिच्या दोन्ही भुवयांवर अंजनाचं बोट ओढलं, हवेत काहीतरी पुटपुटले आणि तिच्या हातात बारीक सुई आणि काळा दोरा दिला.

“ओव माऊली.”

“अवो पण मला तं...” बनुबाई माइकच्या दिशेने बोलायला लागली. निवेदकाने माइक चपळाईने दुसरीकडे नेला. तिने क्षणभर वाट पाहिली, मग दोरा ओठात धरून ओला केला, सुई नाकासमोर धरली आणि पहिल्याच झटक्यात ओवली.

माळावर हलकल्लोळ झाला. बायका रडायला लागल्या. दोघा-तिघांनी जमिनीवर लोटांगण घातलं. मागच्या रांगेत बसलेला भागोजी शिंदे नावाचा आंधळा म्हातारा शेजारच्याला विचारत राहिला, “ओवली काय रे? खरंच ओवली काय?”

तांबे सरांच्या डोक्यात मात्र चक्रं फिरायला लागली होती. चमत्कार होत नसतो, ही पहिली पायरी. अंजनाने डोळे येत नाहीत, ही दुसरी. तरी बाईने सुई ओवली, म्हणजे तिला दिसतं. आज दिसतं म्हणजे कालही दिसत होतं. आणि सरांना आठवलं, मागच्या दिवाळीत हीच बाई अंगणात बसून गोधडीला टाके घालत होती. झालं. गणित सुटलं. बाबा खोटा आणि बाईही खोटी. भूमितीच्या सिद्धतेखाली शेवटी लिहितात तसं ‘हेच सिद्ध करावयाचे होते’ एवढंच लिहायचं राहिलं होतं.

सर तडक व्यासपीठावर चढले आणि त्यांनी माइक हातात घेतला. माइक हिसकावून घेण्यात त्यांचा हात महाराजांच्या निवेदकाइतकाच तयार होता.

“मित्रहो, डोळे उघडा. ही बाई माझी भावजय आहे, तरी मी खरं तेच सांगणार. ही आंधळी नव्हतीच. मी स्वतः हिला गोधडी शिवताना पाहिलं आहे. सरकारला फसवून हिने कागद मिळवला आणि तो कागद दाखवून हे महाराज तुम्हाला फसवतायत.”

महाराज रागावले नाहीत. ते गोड हसले. “सर काय म्हणतात? बाईला दिसतंय. मी काय म्हणतो? बाईला दिसतंय. दो नंबरी कोणी नाय हो, आम्ही दोघं एकच बोलतो. आधीचं सरांना ठाऊक, आत्ताचं मला ठाऊक.”

टाळ्या पडल्या. अर्ध्या महाराजांसाठी, अर्ध्या सरांसाठी. बनुबाई त्या दोघांच्या मध्ये ओवलेली सुई धरून उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. उतरताना तिचा पाय पायरीवर न पडता पायरीच्या बाजूला पडला आणि ती गुडघ्यावर आदळली. सरांनी ते पाहिलं. नाटक चांगलं करते, असं त्यांना वाटलं.

घरी येऊन सरांनी तहसील कार्यालयाच्या नावे दोन पानी तक्रार लिहिली. विषय, बोगस अंध लाभार्थीबाबत. अक्षर सरांचं छापल्यासारखं, निळी शाई, डाव्या बाजूला समास सोडलेला. ‘निकटच्या नात्यातील व्यक्ती असूनही सत्यासाठी ही तक्रार करीत आहे,’ हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते बायकोला वाचून दाखवलं.

“तुम्ही तिला विचारलंत का पण?” शर्मिलाबाई भाजी निवडत म्हणाल्या.

“ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं हा पुरावा नसतो, शर्मिला. शास्त्र निरीक्षणावर चालतं.”

“बरं,” शर्मिलाबाई म्हणाल्या. त्यांचं ‘बरं’ ऐकून शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. सर पोस्टात गेले. पुढच्या आठवड्यात मित्रमंडळींनी त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही केला. श्रीफळ पेटतं का, ते सरांनी सवयीने हुंगून पाहिलं.

दीड महिन्याने, दुपारी बाराच्या लख्ख उन्हात, सरांच्या अंगणात काहीतरी धाडकन पडलं. सर बाहेर आले तर त्यांची स्कूटर आडवी झाली होती आणि तिच्यावर बनुबाई आडवी झाली होती.

“स्कूटर कवा घेतलीत, भावजी?” ती गुडघा चोळत म्हणाली.

स्कूटर नऊ वर्षं तिथेच उभी असे. रंग लाल. दिसली नाही म्हणायला ती काही टाचणी नव्हती. तरीही सरांच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते एवढंच, की आता माझ्यासमोरही नाटक.

शर्मिलाबाईंनी तिला घरात आणून बसवलं. चहा दिला तर तिचा हात कपाच्या शेजारून गेला, मग चाचपत कपावर आला. आणि तीच बाई चहा पिता पिता म्हणाली, “भावजी, तुमच्या सदऱ्याचं दुसरं बटण लोंबतंय. सुईदोरा द्या गो ताई.” सुई आली. तिने नाकासमोर धरून एका झटक्यात ओवली आणि सदरा सरांच्या अंगावर असतानाच बटण पक्कं करून दिलं. दात लावून दोरा तोडला तेव्हा तिचं डोकं सरांच्या छातीशी होतं. लाल स्कूटर दिसत नाही आणि सुईचं नेढं दिसतं. त्यांच्या गणितात ही ओळ कुठेच बसत नव्हती.

मग बनुबाईने पिशवीतून कागद काढले. “माजं आंधळ्यांचं अनुदान थांबवलंय. कुणी तक्रार केली म्हणतात, मी आंधळी नाय म्हणून. आता अलिबागला जाऊन पुन्हा तपासून घ्या, नायतर कागद रद्द. तेवढ्यावर माजी मीठमिरची चालते, भावजी. पोराकडं हात पसरायचा नाय, असं मी ठरवलंय. तुम्ही एक अर्ज लिहून द्या. वाडीतला कोणचाबी अर्ज तुम्हीच लिहिता.”

नोटिशीच्या मागे तक्रारीची प्रत टाचली होती. निळी शाई, छापल्यासारखं अक्षर, डाव्या बाजूला समास. सरांनी पटकन त्यावर वर्तमानपत्र ठेवलं. माणूस चूक करतो तेव्हा त्याला लाज वाटतेच असं नाही, पण चूक नीटनेटक्या अक्षरात समोर आली की वाटते.

शर्मिलाबाई दारात उभ्या होत्या. “आता तरी विचारा,” त्या म्हणाल्या.

सरांनी तरीही विचारलं नाही. ते म्हणाले, “आपण सरकारी दवाखान्यात जाऊ. तिथे यंत्र आहे.” एकतीस वर्षं वर्गात ‘प्रश्न विचारा, प्रश्न विचारा’ म्हणून फळा बडवणारा माणूस एका बाईला एक साधा प्रश्न विचारायला घाबरत होता.

दवाखान्यात डोळे तपासायला अपेक्षा साळवी होती. सरांची जुनी विद्यार्थिनी. आठवीत असताना तिने विचारलं होतं, “सर, डोळ्याच्या मधल्या भागाने आणि कडेच्या भागाने सारखंच दिसतं का?” त्यावर सर म्हणाले होते, “परीक्षेला नाही, बस खाली.” हे तिला आठवत होतं. सरांना आठवत नव्हतं, तिने आठवण करून दिली.

तिने बनुबाईची जुनी फाइल काढली आणि एकदा सरांकडे पाहिलं.

“काकूंना मीच अलिबागच्या मेडिकल बोर्डाकडे पाठवलं होतं, सर. ही तक्रार कुणी केली, ते कळलं तर मला त्यांना भेटायचं आहे.”

“हं,” सर म्हणाले.

“बघा, आंधळं म्हणजे काळोख, असं लोकांना वाटतं. सरकार तसं मानत नाही. बोर्ड दोन गोष्टी तपासतं. एक, किती लांबचं दिसतं. आपल्याला साठ मीटरवरून ओळखू येतं ते चष्मा लावूनही तीन मीटरवरून ओळखू येत नसेल, तर तो माणूस आंधळा. दुसरी, किती रुंद दिसतं. म्हणजे समोर बघत असताना आजूबाजूचं किती दिसतं. ते दहा अंशांपेक्षा कमी असेल तरीही आंधळा, मग मधलं कितीही स्वच्छ दिसो. दोन्हींतलं एक पुरतं.”

“दहा अंश म्हणजे...” सरांना कोनमापक आठवला. त्यांनी हजारो मुलांना तो धरायला शिकवला होता.

“सांगत नाही. दाखवते.” अपेक्षाने दोन जुने केसपेपर घेतले, अंगठा जाईल एवढ्या जाडीच्या, वीतभर लांब नळ्या वळल्या आणि सरांच्या चष्म्याला चिकटपट्टीने चिकटवल्या. बाजूची फट कापसाने बंद केली. “समोरचा तक्ता वाचा.”

सरांनी सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली.

“सुई ओवा.”

ओवली. दुसऱ्या प्रयत्नात, पण ओवली.

“छान. आता बाहेरच्या नळावर जाऊन पाणी पिऊन या.”

नळ पंचवीस पावलांवर होता. पहिल्या तीन पावलांत सरांनी बाकावर नडगी आपटली. सातव्या पावलाला कुणाचातरी डबा लवंडला आणि उसळ सरांच्या चपलेत गेली. “अवो गुरुजी, बघून चाला की,” असं एक बाई म्हणाली. सर तिची माफी मागायला वळले आणि रांगेत बसलेल्या एका आजोबांच्या मांडीवर जाऊन बसले. आजोबा शांतपणे म्हणाले, “जागा हाय बाजूला.” सर समोर पाहत होते, लख्ख पाहत होते, नळाच्या तोटीवरचा गंज त्यांना दिसत होता. आणि दिसत नव्हतं ते फक्त बाकीचं जग.

त्यांनी नळ्या काढल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. खडपवाडीच्या व्यासपीठावरची पायरी त्यांना आठवली. बनुबाई गुडघ्यावर आदळली होती आणि ते मनात म्हणाले होते, नाटक.

“आणि काळोख पडला की काकूंना तेवढंही दिसत नाही,” अपेक्षा म्हणाली.

सर बनुबाईसमोर जाऊन उभे राहिले. नेमके तिच्या नाकासमोर, म्हणजे तिला दिसतील असे. हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं होतं.

“वहिनी, ती तक्रार मी केली.”

“ठावं हाय मला.”

“ठावं आहे?”

“चौथी शिकलेय मी. एकेक अक्षर करून वाचते, पण वाचते. आणि तुमचं अक्षर मी वळखत नाय काय? वाडीतल्या प्रत्येक घरात तुमच्या हातचा एक तरी अर्ज हाय.”

“मग माझ्याकडेच का आलात?”

“ज्यानं गाठ मारली त्यानंच सोडवायची. दुसरा सोडवायला गेला तं दोरा तुटतो.” मग ती म्हणाली, “तुम्ही एकदा विचारलं असतंत तं मी सांगितलं असतं. मला सुई दिसते. सुई धरलेला माणूस दिसत नाय.”

सर चष्म्यावरची चिकटपट्टी खरवडायला लागले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं त्यांची आजी म्हणायची, आणि ती नेहमी त्यांच्याकडेच बघून म्हणायची. महाराजांनी निदान बाईला एक सुई तरी दिली होती. सरांनी तिची मीठमिरची काढून घेतली होती. दोघांचीही चूक एकच होती. आंधळं म्हणजे मिट्ट काळोख, या समजुतीवर महाराजांचा चमत्कार उभा होता आणि सरांची तक्रारही.

बोलता बोलता सरांच्या खिशातलं महाराजांचं पत्रक बाहेर आलं. अपेक्षाने त्यावरचे फोटो पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. पत्रकावर चार डोळस झालेली माणसं होती. चौघांनाही तिनेच तपासलं होतं.

“सर, गंमत बघा. चौघांच्याही कागदावर एकच ओळ आहे, दृष्टिक्षेत्र दहा अंशांपेक्षा कमी. पूर्ण काळोखातले मी नऊ जण बोर्डाकडे पाठवले होते, त्यांतला एकही या पत्रकावर नाही.”

“पण महाराजांना कसं कळलं कुणाच्या कागदावर काय आहे?”

“तुमचा अनुदानाचा अर्ज कुणी भरला, काकू?” अपेक्षाने विचारलं.

“पोलादपूरच्या प्रवीणनं. त्याचं ऑनलाइनचं दुकान हाय ना, यष्टी स्टँडामागं. सगळेच त्याच्याकडं भरतात. त्यानंच मला त्या माळावर नेली. डोळ्यांचं शिबिर हाय म्हणला. गेले तं कपाळाला काजळ फासलं.”

प्रवीण स्कॅन करायचा, कागद वाचायचा आणि दहा अंशांची ओळ दिसली की महाराजांना फोन करायचा. ज्यांना सुई आधीपासून ओवता येते त्यांच्याकडून सुई ओवून घ्यायची, एवढीच ती दिव्य शक्ती होती.

पुढच्या रविवारी सर पुन्हा खडपवाडीला गेले. पिशवी घरी ठेवली होती. नारळ नाही, लिंबू नाही. बरोबर बनुबाई आणि अपेक्षा होत्या. महाराजांनी सरांना पाहून स्वतःहून माइक पुढे केला. मागच्या वेळी सरांच्या भाषणाने गर्दी वाढलीच होती.

सरांनी खिशातून तक्रारीची प्रत काढली आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचली. समास सोडून सगळं वाचलं. मग म्हणाले, “हे मी लिहिलं. हे खोटं आहे. मी मुद्दाम खोटं बोललो नाही, मी न विचारता खरं ठरवलं. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, त्यातला मी आहे. आता माझा शेंबूड बघून घ्या.”

त्यांनी महाराजांच्याच दोन पत्रकांच्या नळ्या वळून चष्म्याला चिकटवल्या. सुई मागितली. ओवली.

“आता मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. मला काहीही झालेलं नाही, माझे डोळे उत्तम आहेत.”

ते ताठ मानेने निघाले. चौथ्या पावलाला त्यांचा पाय अंजनाच्या परातीत पडला. सहाव्या पावलाला समईला धक्का लागला, ती अपेक्षाने धरली. आठव्या पावलाला व्यासपीठ संपलं, सरांना ते समजलं नाही, आणि ते थेट ढोलवाल्याच्या ढोलावर जाऊन बसले. माळावर जो हशा उठला तो समोरच्या डोंगरापर्यंत गेला असेल. काळ्या पायांनी सर पुन्हा वर चढले. बनुबाई हसत नव्हती. तिला ते दिसलंच नव्हतं. आवाजावरून अंदाज घेऊन तिने विचारलं, “लागलं काय, भावजी?”

अपेक्षाने माइक घेतला. “तुमच्या प्रत्येकाच्या हातात पत्रक आहे. वळा नळी. एक डोळा मिटा, दुसऱ्याला लावा आणि महाराजांकडे बघा.”

चारशे पत्रकं वळली गेली. चारशे नळ्या महाराजांवर रोखल्या गेल्या.

“मला फकस्त गॉगल दिसतोय,” कुणीतरी म्हणालं.

“मला नाक.”

“आता त्या नळीतनं बघत शेजारच्याला न धडकता घरी जा,” अपेक्षा म्हणाली. “काकूंना रोज असंच जावं लागतं. त्यांना सुई काल दिसत होती, आज दिसते. त्यात अंजनाचा काही संबंध नाही. बरे झालेले चारही जण असेच आहेत.”

गर्दीत एक काठी टकटक वाजली. भागोजी शिंदे उभा राहिला. पाच रविवार तो उमरठच्या बाजूने पायपीट करून येत होता आणि प्रत्येक वेळी महाराज सांगत होते, तुझी वेळ अजून आली नाय.

“महाराज,” तो म्हणाला, “माज्या कागदावर दहा अंश नाय, शून्य हाय. म्हणून मला प्रकाश नाय काय? तुमचा देव कागद वाचून देतो काय?”

महाराज निवेदकाकडे वळले. तेवढ्यात मांडवाच्या मागे मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. प्रवीण होता. चार चाकरमान्यांनी त्याला खाचरातच अडवलं आणि त्याने फारसे आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. मुद्दाम सांगण्यासारखं त्यात फारसं नव्हतंच. त्या रविवारनंतर खडपवाडीच्या माळावर मांडव पडला नाही. तरीही महाराज आपले आठवे, असं सर म्हणत नाहीत. ते भागोजीचे पहिले.

पण त्या दिवशी माळ रिकामा होण्याआधी सरांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी माइक बनुबाईच्या हातात दिला. तिने तो नाकासमोर धरला, सुईसारखा.

“मला सुई आधीबी ओवता येत होती,” ती म्हणाली. “मी तवाच सांगत होते.”

अलिबागला बोर्डापुढे सर तिच्याबरोबर गेले. अर्ध्या घुमटासारख्या यंत्रात डोकं घालून तिने उजेडाचे ठिपके दिसले की बटण दाबायचं होतं. बहुतेक ठिपके तिला दिसलेच नाहीत. कागदावर पुन्हा तेच आलं, ऐंशी टक्के. तक्रार मागे घेणारा अर्ज सरांनीच लिहिला, त्याच छापल्यासारख्या अक्षरात. तीन महिन्यांनी अनुदान पुन्हा सुरू झालं. ते तीन महिने मात्र कुणी परत देऊ शकलं नाही, आणि सर ते विसरत नाहीत.

चमत्कार दिसला की शंका घ्यावी, हे आपल्याला पटतं. पण शंका घेणं म्हणजे निकाल देणं नव्हे. न विचारता, न तपासता जो निकाल देतो तो काळा गॉगल लावलेला बाबा असो की नारळ पेटवणारा मास्तर, दोघांच्याही डोळ्यांवर नळी असते. कुणाला कमी दिसतं, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाचं दुखणं बाहेरून दिसतच नाही. ते खरं की खोटं, हे ठरवायला मोजमाप आहे, नियम आहेत, डॉक्टर आहेत. आणि या सगळ्यांच्या आधी तो माणूस स्वतः आहे, त्याला तोंड आहे.

तांबे सर अजूनही गावोगाव कार्यक्रम करतात. पिशवीत नारळाबरोबर आता कागदाच्या दोन नळ्या असतात. कार्यक्रमाची सुरुवात ते आपली तक्रार वाचून करतात आणि मग ठरल्याप्रमाणे कुठेतरी धडपडतात. कधी बनुबाई बरोबर असते. शेवटी सर पूर्वीसारखंच म्हणतात, “आता प्रश्न विचारा.” आणि माइक तिच्या हातात देऊन बाजूला होतात. “मला नाही. त्यांना.”